दोन मस्टरांमधला शिक्षक

नववी ‘ब’च्या विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार, हे शाळेला चार-पाच महिने आधीपासून ठाऊक असतं. तरी बदलीचा माणूस शोधायला सुरुवात होते ती रजेच्या आदल्या आठवड्यात. मुख्याध्यापक मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डोकावून विचारतात, “कुणाच्या ओळखीत बी.एस्सी. झालेलं कुणी रिकामं आहे का?” कुणाची तरी भाची निघते, शेजाऱ्यांची सून निघते, शाळेचाच सात वर्षांपूर्वीचा विद्यार्थी निघतो. शनिवारी अर्ज, सोमवारी हातात खडू. बोलता बोलता कळतं की बी.एड.चं पहिलं वर्ष चालू आहे. मुख्याध्यापक खूश होतात. “मग उत्तमच की. सरावही होईल!”

त्या ‘सरावही होईल’मध्ये सगळी गोम आहे. शिकता शिकता शिकवणारा हा माणूस आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच्यावाचून शाळेचं अडतं, हे सगळे मान्य करतात. पण त्याचं काम सराव म्हणून कॉलेज मोजत नाही, नोकरी म्हणून शासन मोजत नाही आणि अनुभव म्हणून भरतीत कुणी मोजत नाही.

त्याला धड नावही नाही. मराठीत ‘बदली शिक्षक’ म्हटलं की आधी जिल्हा परिषदेतल्या बदल्या आठवतात. कागदावर तो ‘रजा कालावधीतील नियुक्ती’ असतो, नाहीतर ‘तासिका तत्त्वावर’, नाहीतर ‘अर्धवेळ’, नाहीतर ‘स्वयंसेवक’. २०२४ पासून ‘प्रशिक्षणार्थी’ हे आणखी एक नाव आलं. मुलांच्या तोंडी मात्र एकच, ‘नवीन सर’. जुन्या बाई परत आल्या की ते नावही जातं.

सगळ्याच रजांना बाहेरचा माणूस लागत नाही. एक-दोन दिवसांचा प्रश्न असला की पर्यवेक्षक सकाळी बदली तासांची वही भरतात आणि ज्यांचे तास मोकळे त्यांच्या माथी एकेक वर्ग येतो. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तेवढीही चैन नाही. एक गुरुजी रजेवर गेले की उरलेले गुरुजी पहिली ते चौथी एकाच खोलीत बसवतात. रजा लांबली तर गावातली जाणती माणसं वर्गणी काढून बारावी झालेल्या एखाद्या मुलीला उभं करतात. ती मुलगी चांगलं शिकवते, असं मी अनेक ठिकाणी ऐकलं आहे. तिला पुढे काय मिळालं, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. याच फटीतून दुसरा, ओंगळ प्रकारही शिरला. कायम नोकरीतला शिक्षक स्वतः दांडी मारतो आणि आपल्या पगारातले चार पैसे देऊन कुणाला तरी वर्गावर पाठवतो. हे डमी शिक्षक पकडायचे म्हणून २०२२ मध्ये शिक्षकांचे फोटो वर्गात लावण्याचा फतवा निघाला. फोटो लागले. प्रामाणिक बदली शिक्षकाचा फोटो कुठे लावायचा, याचा विचार त्यात नव्हता.

‘अनट्रेन्ड’ हा शब्द आज कमीपणाचा वाटतो, पण एकेकाळी ती नोकरीची पहिली पायरीच होती. इंग्रजी अमदानीत सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, पास झालेला मुलगा शाळामास्तर व्हायचा, काही वर्षं अनट्रेन्ड म्हणून काढायचा आणि मग ट्रेनिंग कॉलेजात जाऊन यायचा. आधी वर्ग, मग प्रशिक्षण, असा क्रम होता. खुद्द इंग्लंडातही १८४६ पासून ‘प्युपिल टीचर’ची पद्धत होती. तेरा वर्षांचं पोर मुख्याध्यापकाच्या हाताखाली पाच वर्षं उमेदवारी करायचं, शिकायचं आणि शिकवायचं. ती पद्धत शोषणाची होती हे खरं. पण उमेदवार शिकतो आहे हे सगळ्यांना मान्य होतं, आणि त्याला शिकवायची जबाबदारी एका नावानिशी माणसावर होती.

आपल्याकडे खासगी शाळांचा कारभार ज्या नियमांवर चालतो, ती महाराष्ट्र खाजगी शाळेतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) नियमावली १९८१ ची. तिच्या सहाव्या नियमात या माणसासाठी एक दार ठेवलेलं आहे. प्रशिक्षित शिक्षक मिळत नसेल तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीनं अप्रशिक्षित पदवीधर नेमता येतो. नेमणूक एकेका वर्षापुरती. त्यानं प्रशिक्षणाची पात्रता स्वतःच्या खर्चानं मिळवायची. आणि प्रशिक्षित उमेदवार मिळाला की याची सेवा संपवता येते. हा नियम मी कितीदा तरी वाचला आहे आणि दर वेळी ‘स्वतःच्या खर्चानं’पाशी अडखळलो आहे. शाळेची गरज भागवणारा माणूस शाळेच्या गरजेसाठी पात्र व्हायचा खर्च स्वतः करणार, आणि तो पात्र व्हायच्या आत दुसरा कुणी आला तर घरी जाणार. तरी एक कबूल करायला हवं. १९८१ साली हे दार उघडं होतं, आणि त्यातून आत जाऊन पुढे नावारूपाला आलेले मुख्याध्यापक प्रत्येक तालुक्यात सापडतील.

त्या काळी बी.एड. एका वर्षाचं होतं. बिनपगारी रजा काढून किंवा एक वर्ष खंड घेऊन ते उरकता यायचं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं आणि नोकरी सांभाळून बी.एड. करण्याची वाट रुंद झाली. सुट्टीतले संपर्कवर्ग, पोस्टानं येणारी जाडजूड पुस्तकं, रात्री जागून लिहिलेले स्वाध्याय. आपल्याच शाळेत, आपल्याच वर्गावर घेतलेले पाठ त्यात धरले जायचे. त्या पदवीला नाकं मुरडणारे पुष्कळ होते. माझं मत वेगळं आहे. दिवसा चुकायचं आणि रात्री ती चूक पुस्तकात शोधायची, यापेक्षा चांगलं शिक्षकशिक्षण मला ठाऊक नाही.

२०१० नंतरच्या दहा वर्षांत मात्र एकेक दार लागत गेलं. प्रत्येक दार लावण्यामागे कारण रास्त होतं, ही यातली अवघड बाजू. १ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. पहिली ते आठवीच्या मुलाला पात्र शिक्षक मिळणं हा त्याचा हक्क ठरला. त्याच वर्षी २३ ऑगस्टला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं किमान पात्रता ठरवली आणि तीत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आली. महाराष्ट्रात पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, खुल्या गटाला साठ टक्के हवेत. दरम्यान २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, बोगस पट उघडे पडले आणि मे २०१२ पासून शिक्षकभरतीच थांबवली गेली. भरती थांबली तरी निवृत्ती आणि बाळंतपणं थांबत नाहीत. कायम जागा भरता येत नाहीत आणि वर्ग तर चालवायचा आहे, म्हणून शाळांनी मिळेल त्याला मिळेल त्या पैशात उभं केलं. बदली शिक्षकांची आजची फौज मुख्यतः त्या वर्षांनी उभी केली आहे.

२०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन आठवीपर्यंतच्या सगळ्या अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ ची शेवटची तारीख मिळाली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेनं त्यासाठी दीड वर्षाचा डी.एल.एड. काढला आणि देशभरातून दहा लाखांहून जास्त शिक्षक त्यात बसले. नोकरीत राहून पात्र होण्याची एवढी मोठी सोय देशात पूर्वी झाली नव्हती. ती एकदाच झाली आणि तारीख उलटली तशी संपली. आता आठवीपर्यंत अप्रशिक्षित माणूस नेमणं कायद्यात बसत नाही. सहाव्या नियमाचं दार उरलं ते नववी-दहावीपुरतं. प्रत्यक्षात विनाअनुदानित शाळांच्या, त्यातही गल्लोगल्लीच्या इंग्रजी माध्यमाच्या, पाचवी-सहावीच्या वर्गांवर कोण शिकवतं, हे पालकांना माहीत असतं. बी.एड. ‘चालू’ असलेली पदवीधर तरुणी, आणि तिला तिथं ‘टीचर’च म्हणतात.

तिची खरी अडचण सुरू होते ती बी.एड.ला प्रवेश घेतल्यावर. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं, आणि ते २०१५ पासून लागू झालं. हजेरीची अट आली. तासांना ऐंशी टक्के, शाळेतल्या आंतरवासितेला नव्वद टक्के. आणि मुक्त विद्यापीठाच्या बी.एड.ला आता आधीच प्रशिक्षण झालेला माणूस लागतो. म्हणजे डी.एड. झालेल्या गुरुजींना नोकरी करत बी.एड. करता येतं, पण जिला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्या अप्रशिक्षित मुलीला येत नाही. तिनं नियमित कॉलेजातच जायचं. शाळा साडेदहा ते पाच, कॉलेजही साडेदहा ते पाच.

मग एकच माणूस दोन मस्टरांवर सही करतो. मंगळवारी सकाळी ती शाळेत नववीला प्रकाशाचं अपवर्तन शिकवत असते आणि त्याच मंगळवारी कॉलेजच्या मस्टरवर ती ‘बालपण आणि वाढ’ या विषयाच्या तासाला हजर असते. काही कॉलेजांचा धंदाच यावर चालतो. प्रवेशाच्या वेळी ‘नॉन-अटेंडिंग’चा दर वेगळा सांगतात. काही शाळाही उलट बाजूनं तेच करतात. मस्टरवर तिचं नाव घेतच नाहीत, म्हणजे तपासणीला कुणी आलं तरी ती तिथं नसतेच. पुढे दहावीच्या मुलांना प्रामाणिकपणा शिकवणार ती व्यक्ती आपल्या व्यवसायात अशी खोट्या सहीनं पाऊल टाकते. दोष तिला द्यावा असं मला वाटत नाही. घरी पैसे हवेत आणि हातात पदवी हवी, यांतलं एक निवडा असं सांगणाऱ्या व्यवस्थेत तिनं दोन्ही निवडलं, एवढंच.

थोडं आकड्यांत बोलू. बी.एड.च्या दोन वर्षांत शाळेत घालवायचे आठवडे वीस. चार पहिल्या वर्षी, सोळा दुसऱ्या वर्षी. म्हणजे १४० दिवस. महाराष्ट्रात प्रसूती रजा १८० दिवसांची. एका बाळंतपणाच्या रजेत उभी राहिलेली बदलीची मुलगी संपूर्ण आंतरवासितेपेक्षा जास्त काळ वर्ग सांभाळते. परिपाठापासून घटक चाचणीपर्यंत सगळं करते. हे १८० दिवस तिच्या बी.एड.मध्ये शून्य धरले जातात, आणि नंतर तीच मुलगी कॉलेजनं ठरवून दिलेल्या दुसऱ्या शाळेत ‘छात्राध्यापिका’ म्हणून जाऊन, मागच्या बाकावर बसून, दुसऱ्यांचे तास ‘निरीक्षण’ म्हणून वहीत उतरवते.

बदलीच्या कामात माणूस नेमकं काय शिकतो, हे ज्यानं केलं नाही त्याला सांगणं कठीण आहे. मीही एकेकाळी असाच ‘रिकामा’ सापडलेलो. एका तालुक्याच्या गावी, चार महिने, आठवी आणि नववीचा भूगोल. पहिल्या तासाला मी फळ्यावर तारीख लिहीत होतो तेव्हा मागून प्रश्न आला, “सर, तुम्ही किती दिवस आहात?” त्यात खोडी नव्हती. मुलांना हिशेब करायचा होता. या माणसाचा गृहपाठ करायचा की नाही, याला आपलं नाव माहीत होऊ द्यायचं की नाही. मी “दिवाळीपर्यंत” म्हणालो आणि माझं वजन तिथंच निम्मं झालं. दुसऱ्या आठवड्यात एका शिपाईमामांनी मला जे सांगितलं, ते कुठल्याही मेथड मास्तरनं पुढे सांगितलं नाही. “सर, दारातनं आत येताना ओरडत येऊ नका. आत या, उभे राहा, थांबा.”

बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनात समोर आपलेच पाच-सात सहाध्यायी मुलं बनून बसतात, आणि ती ‘मुलं’ उत्तरं बिनचूक देतात. हर्बार्टची पंचपदी टाचणात सुबक बसते. खऱ्या वर्गात पहिल्याच पायरीला कुणाच्या तरी डब्यातली चटणी दप्तरात सांडलेली असते. पण हेही तितकंच खरं की नुसत्या वर्गानं माणूस शिकत नाही. चार महिन्यांत मी गप्प बसवायला शिकलो. कळलं आहे की नाही हे तपासायला शिकलो नाही. ते पुढे प्रशिक्षणात कळलं, आणि तेव्हा त्या आठवी-नववीच्या मुलांची आठवण होऊन शरम वाटली. प्रशिक्षण म्हणजे थोतांड, अनुभव हाच गुरू, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी म्हणूनच जात नाही. मुलाचा हक्क पहिला आहे. पहिल्या चार महिन्यांत माझ्याकडून त्या मुलांचं थोडं नुकसान झालं, आणि ते टाळता आलं असतं, जर आठवड्यातून एक तास कुणी जाणता शिक्षक माझ्या वर्गात मागे बसला असता. बस एवढंच. पण बदलीच्या माणसाचा तास बघायला कुणी येत नाही. तो गडबड होऊ देत नाही ना, एवढं व्हरांड्यातून बघतात.

शिवाय तो पूर्ण वर्ग चालवतो, पण अर्ध्या अधिकारानं. गुण भरायचे ते रजेवरच्या बाईंच्या लॉगिनमधून. निकालपत्रकावर सही त्यांची. पालकसभेत त्याला बोलावतात, पण बोलायला सांगत नाहीत.

पैशांचा विषय फार लांबवण्यासारखा नाही, कारण पैसे फारसे नाहीतच. रजेवर गेलेल्या शिक्षकाचा पगार चालू असतो. बदलीच्या माणसाचे पैसे अनेक ठिकाणी शाळेच्या किरकोळ निधीतून किंवा सहकाऱ्यांनी काढलेल्या वर्गणीतून येतात, आणि मे महिन्यात येतच नाहीत. रीतसर निवड झालेल्या, पूर्ण पात्र शिक्षणसेवकालाही २००० साली योजना सुरू झाल्यापासून तीन वर्षं मानधनावरच काढावी लागतात. २०२३ पासून ते प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार झालं. त्याआधी कित्येक वर्षं प्राथमिकचा आकडा सहा हजारांवर थांबला होता. पात्र माणसाची ही किंमत, तर अपात्राची कल्पना करावी. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये जगजित सिंग खटल्यात सांगितलं. शाळेच्या व्हरांड्यापर्यंत तो निकाल अजून पोचायचा आहे.

मधूनमधून शासनाला रिकाम्या वर्गांची आठवण होते. २०२३ च्या जुलैमध्ये निवृत्त शिक्षकांना महिना वीस हजारांवर परत बोलावण्याचं ठरलं, वयाची मर्यादा सत्तर. त्यावर बेरोजगार डी.एड.-बी.एड.धारक चिडले ते साहजिक होतं. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. पदवीधराला महिना दहा हजार विद्यावेतन, आधी सहा महिने, पुढे मुदत वाढवून अकरा. काही तरुण या योजनेतून शाळांमध्ये गेले. कागदावर ते प्रशिक्षण घेत होते, पण त्यांना प्रशिक्षण कोण देत होतं? ते वर्ग सांभाळत होते. नाव प्रशिक्षणाचं आणि काम बदलीचं, ही जुनीच गोष्ट नव्या योजनेच्या फलकाखाली झाली.

आणि समजा, हे सगळं सोसून बी.एड. झालं, टीईटीही झाली. पुढे शिक्षकभरतीचं ‘पवित्र’ पोर्टल. तिथं निवड होते ती अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या दोनशे गुणांवर. ही चाचणी २०१७ मध्ये झाली, मग थेट २०२३ मध्ये, मग २०२५ मध्ये. वशिला आणि डोनेशन बंद व्हावं म्हणून हे पोर्टल आणलं, आणि त्या अंगानं ते आधीच्यापेक्षा पुष्कळ बरं आहे, हे मी स्पष्ट म्हणतो. पण तीन शाळांत मिळून चार वर्षं वर्ग सांभाळलेली मुलगी आणि वर्गाचं दारही न पाहिलेला उमेदवार यांच्यात या यादीत काहीही फरक नाही. किंबहुना तोटा तिचाच. तो अभ्यासिकेत बसून चाचणीची तयारी करत होता, तेव्हा ती वह्या तपासत होती.

गंमत अशी की आता कायम नोकरीतले शिक्षकही तिच्या पंगतीला येऊन बसले आहेत. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, निकाल दिला की ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं. वीस-वीस वर्षं शिकवलेले गुरुजी रात्री बालमानसशास्त्राची गाइडं घेऊन बसले. दिवसा शिकवायचं आणि रात्री पात्र व्हायचं म्हणजे काय, हे शिक्षक संघटनांना पहिल्यांदाच आतून कळलं असेल. त्यांनी मोर्चे काढले. बदलीच्या पोरांसाठी असा मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही.

यावर उपाय फार क्रांतिकारी नको आहे. वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी आंतरवासिता करतो तेव्हा त्याला विद्यावेतन मिळतं. १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करणाऱ्यालाही मिळतं. शिक्षकाची उमेदवारी करणारा मात्र उलट कॉलेजला फी भरून शाळेत राबतो. इंग्लंडनं २०१८ पासून पदवीधरांसाठी पगारी शिक्षक-उमेदवारी सुरू केली आहे. शाळा नोकरी देते, प्रशिक्षण त्या नोकरीतच होतं. आपल्याकडे त्याची नक्कल करायचीही गरज नाही. बी.एड. कॉलेज आणि आसपासच्या दहा-बारा शाळा यांची सांगड तशीही आंतरवासितेसाठी असते. त्याच शाळांमधल्या लांब रजांवर त्याच कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पाठवावं. मार्गदर्शक म्हणून शाळेतला एक ज्येष्ठ शिक्षक नेमावा, आठवड्यातून एकदा तो वर्गात मागे बसेल. ते आठवडे आंतरवासितेत धरावेत आणि शिक्षणसेवकाच्या निम्मं का होईना, विद्यावेतन द्यावं. यात दोन मस्टर एक होतात. मुलांनाही निदान एक वर्ष प्रशिक्षण झालेला आणि कुणाच्या तरी नजरेखाली असलेला शिक्षक मिळतो. सहाव्या नियमातलं ‘स्वतःच्या खर्चानं’ त्याच वेळी खोडावं. नव्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता होणार आहे. ते अभ्यासक्रम आखले जात असतानाच ही सोय बसवली नाही, तर पुढची वीस वर्षं ती बसणार नाही.

या साऱ्याला मंत्रालय, विद्यापीठ आणि अध्यापक शिक्षण परिषद अशा तिघांच्या सह्या लागतात, म्हणजे वेळ लागेल. पण मुख्याध्यापकांनो, एक गोष्ट तुमच्या एकट्याच्या सहीनं होते. रजा संपून बदलीची मुलगी निघेल त्या दिवशी तिच्या हातात शाळेच्या कागदावर एक दाखला द्या. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक इयत्ता, अमुक विषय, इतके तास, खाली सही आणि गोल शिक्का. त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागत नाही.